वाळीत टाकावे की मिळवून घ्यावे?

मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ
शास्त्रभाग : मत्तय १८:१०–३५, गलती ६:१–५, लेवीय १९:१७–१८
पाठांतरासाठी : गलती ६:२



मंडळीतील एखादा भाऊ चुकला, तर आपण काय करावयाचे? प्रश्न लहान दिसतो, परंतु पाचदहा घरांच्या खेड्यातील मंडळीत याहून कठीण प्रश्न क्वचितच असेल. शहरात मनुष्य रागावला तर दुसऱ्या देवळात जाऊन बसतो. खेड्यात दुसरे देऊळ नाही. चुकलेला भाऊ कोणाचा तरी मेहुणा असतो, कोणाचा व्याही असतो, आणि त्याचे शेत आपल्या शेताच्या बांधाला लागून असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर एक माणूसच नव्हे, सबंध मंडळी मोडते.

आपल्या गावांस यासंबंधी दोन रीती ठाऊक आहेत. पहिली अशी की, तोंडावर सलाम करावा आणि पाठीमागे ओटीवर, पाणवठ्यावर त्याची चर्चा करावी. दुसरी अशी की, बैठक बोलावून त्यास वाळीत टाकावे. प्रभु येशूने या दोन्हींहून निराळी अशी तिसरी रीत घालून दिली आहे. तिचा विचार आज आपण करू.

१. गावाची रीत

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे रायगडच्या किनाऱ्यावरील मनुष्यास समजावून सांगावयास नको. गावकीची बैठक बसते, दंड ठरतो, आणि तो न भरणाऱ्याशी कोणी बोलावयाचे नाही, त्याच्या लग्नास वा मयतीस जावयाचे नाही, दुकानदाराने त्यास माल द्यावयाचा नाही, असे ठरते. जो त्याच्याशी बोलेल त्यालाही दंड. २०१४–१५ च्या सुमारास या जिल्ह्यातील अशा पुष्कळ तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. मुंबई प्रांतात १९४९ साली बहिष्काराविरुद्ध एक कायदा झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्याप्रमाणे बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सरकारास कायदा करावा लागला, यावरून ही रीत किती खोल रुजलेली आहे ते दिसते. ख्रिस्ती झाल्याने ती आपोआप उपटली जाते, असे कोणी समजू नये. मंडळीतही एखाद्या घराशी बोलणे बंद होते. त्या घरी प्रार्थना ठेवीत नाहीत. नाताळच्या फेरीत गाणारी मंडळी त्या दारावरून पुढे जातात. ठराव कोठेच लिहिलेला नसतो, तथापि सर्वांस ठाऊक असतो.

या रीतीचा मुख्य दोष कोणता? तिच्यात चुकलेल्या मनुष्याचे काय होईल हा विचारच नसतो. गावाचा मान राहिला, दंड वसूल झाला, की काम संपले. मनुष्य सुधारला की बुडाला, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

२. प्रभूची रीत

आता मत्तयाचा अठरावा अध्याय उघडा. पंधराव्या वचनापासून प्रभु पायऱ्या सांगतो. भावाने अपराध केला, तर प्रथम तू एकटा त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याचा दोष त्यास दाखीव. त्याने न ऐकले, तर आणखी एकादोघांस बरोबर घे. त्यांचेही न ऐकले, तर मंडळीस सांग.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली ही की, जावयाचे कोणी? ज्याचा अपराध झाला आहे त्याने. आपण म्हणतो, “चूक त्याची, त्याने यावे.” प्रभु म्हणतो की तू जा. दुखावलेल्या मनुष्यास पहिले पाऊल टाकावयास लावणे हे जड वाटते. परंतु देवाने आपल्याशी असेच केले. अपराध आपला होता, आणि आला तो.

दुसरी ही की, पहिली भेट एकान्तात. गावाची रीत उलटी आहे. तेथे प्रथम सर्वांस कळते, मग चारचौघांस, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याच्या कानी ते सर्वांत शेवटी पडते. जो दोष आपण भावाला सांगितला नाही, तो दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आपणास नाही. एवढा एक नियम पाळला, तरी आपल्या मंडळ्यांतील अर्धी भांडणे पेटण्यापूर्वीच विझतील.

तिसरी ही की, हेतू कोणता? भावाने ऐकले, तर तू जिंकलास असे प्रभु म्हणत नाही. तर तुला तुझा भाऊ मिळाला, असे म्हणतो. हे वचन कोठे आले आहे तेही पाहा. त्याच्या अगोदर हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे, आणि त्याच्या पुढे, किती वेळा क्षमा करावी, हा पेत्राचा प्रश्न आहे. शोध आणि क्षमा या दोहोंच्या मध्ये प्रभूने शिस्तीचा नियम ठेविला आहे. त्याला तेथून उपटून दंडाच्या वहीत लिहिणे योग्य नाही.

३. “जकातदारासारखा” म्हणजे कसा?

पुष्कळ जण सतराव्या वचनाकडे बोट दाखवितात. मंडळीचेही न ऐकणारा विदेशी व जकातदार यांच्यासारखा समजावा, असे तेथे आहे. “पाहा,” ते म्हणतात, “हे तर वाळीत टाकणेच झाले!”

परंतु हे शुभवर्तमान कोणाच्या नावाचे आहे? मत्तयाच्या, आणि मत्तय स्वतः जकातदार होता. नवव्या अध्यायात प्रभूने त्यास जकातीच्या नाक्यावरून बोलाविले, आणि त्याच्यासारख्यांच्या पंक्तीस बसून तो जेवला. तेव्हा जकातदारासारखा समजावा याचा अर्थ असा की, तो सध्या मंडळीच्या सहभागितेबाहेर उभा आहे हे खोटी गोडी न लावता मान्य करावे; त्यास प्रभुभोजन द्यावयाचे वा मंडळीचे काम सांगावयाचे थांबवावे; आणि मग, बाहेरच्या मनुष्यास जसे आपण शोधतो, त्याच्या दारी जातो, त्याच्यासाठी प्रार्थना करितो, तसेच त्याच्यासाठी करावे. प्रभुभोजन थांबविणे निराळे, आणि पाणी, दुकान, बोलणे व मयत थांबविणे निराळे. पहिले मंडळीच्या शिस्तीचे काम आहे. दुसरे करण्याचा अधिकार ख्रिस्ताने कोणासही दिला नाही, आणि आता देशाचा कायदाही ते गुन्हा मानतो.

पौलाचे उदाहरण घ्या. करिंथ येथील एका उघड पापाविषयी त्याने पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात फार कडक शब्द लिहिले. परंतु दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो एका शासन झालेल्या मनुष्याविषयी लिहितो. पुष्कळ भाष्यकार तो तोच मनुष्य समजतात. त्यास झालेली शिक्षा पुरे. आता क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असा पौलाचा आशय आहे. शिस्तीला शेवट असतो. ज्या शिक्षेचा शेवट कोणी ठरविलेला नाही ती ख्रिस्ती शिस्त नव्हे.

४. गप्प बसणे ही प्रीती नव्हे

येथे कोणी म्हणेल, “तर मग आम्ही कोणास काही बोलूच नये, प्रीतीने झाकावे.” हीही चूक आहे.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठरावे वचन आपणा सर्वांस पाठ आहे. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याची आज्ञा तेथे आहे. परंतु त्याच्या अगोदरचे सतरावे वचन किती जणांस ठाऊक आहे? मनात भावाचा द्वेष बाळगू नको, तर शेजाऱ्यास उघड बोलून त्याचा दोष दाखीव, नाहीतर त्याच्या पापाचा भार तुझ्यावरही येईल, असा त्याचा अर्थ आहे. या दोन आज्ञा जोडीने दिलेल्या आहेत. जो बोलत नाही तो मनात साठवितो, आणि साठविलेले आंबून त्याचा द्वेष होतो.

पेण आणि अलिबागच्या खारेपाटात राहणाऱ्यांस हे समजण्यास सोपे आहे. समुद्राचे पाणी अडवून केलेली ती भातशेती बांधावर जगते. खेकड्याने बांधाला पाडलेले बीळ एका मुठीच्या चिखलाने बुजते. ते तसेच राहिले, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी त्यातून वाट काढिते, बांधाला खांड जाते, आणि खारे पाणी सबंध खारीत पसरते. मग ते मीठ धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाही. आता बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्यास दुसऱ्याच्या तुकड्यापुढे बीळ दिसले, तर “ते माझे नाही” असे म्हणून तो पुढे जातो काय? गेला तर त्याचेही भात बुडते. तो हाक मारितो. त्या हाकेत अपमान नाही. उलट, पाहिले आणि बोलला नाही, तर गाव त्यास दोष देईल.

दारूचा पहिला पेला, सावकाराचे चोरून काढलेले कर्ज, पत्नीवर उचललेला हात, अर्पणाच्या पेटीतून “उसने” घेतलेले पैसे, ही अशी बिळे आहेत. काइनाने देवाला उलट विचारिले की, मी भावाचा राखणदार आहे काय? ख्रिस्ती मनुष्याचे उत्तर “होय” असे आहे.

५. चुकीच्या अगोदरची राखण

भावाची राखण चूक घडल्यावरच सुरू होते असे नाही. इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या व दहाव्या अध्यायांत, एकमेकांस दररोज बोध करावा, प्रीती व सत्कर्मे यांसाठी एकमेकांस उत्तेजन द्यावे, आणि एकत्र मिळणे सोडू नये, अशी शिकवण आहे.

याचे एक नवलाचे उदाहरण याच किनाऱ्यावर घडले आहे. नवगाव, किहीम, अलिबाग, रेवदंडा, पेण या भागात बेने इस्राएल नावाचे यहूदी लोक अनेक शतके राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. दीर्घकाळ त्यांच्याजवळ ना शास्त्राचे पुस्तक होते, ना सभास्थान. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली झाले, आणि अलिबागचे १८४८ साली. असे असता शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांनी पिढ्यानपिढ्या राखिले. ज्या किनाऱ्यावर प्रत्येक पाटीत कोळंबी आणि चिंबोरी, तेथे पर व खवले नसलेले काहीही खावयाचे नाही, हे त्यांनी सांभाळिले. एकटा तेली हे करू शकला नसता. घराने घरास आणि वडिलांनी मुलांस धरून ठेविले, म्हणूनच ते टिकले असले पाहिजे. स्वतंत्र इस्राएल झाल्यानंतर त्यांपैकी बहुतेक तेथे गेले. परंतु त्यांच्या आडनावांत आपली गावे अजून आहेत.

आपल्या हाती तर मराठीत सबंध पवित्र शास्त्र आहे. तरी दोन रविवार न दिसलेल्या भावाच्या घरी आपल्यापैकी कोण जातो? त्या वेळचा “का आला नाहीस?” हा प्रेमळ प्रश्न पुढील वर्षाच्या दहा बैठका वाचवितो.

६. हिशेब मागणाऱ्याने हिशेब द्यावा

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की, चुकलेल्यास सौम्यतेने ताळ्यावर आणावे, आणि आणणाऱ्याने स्वतःकडेही लक्ष ठेवावे. हा इशारा विशेषेकरून पाळक, उपदेशक, शिक्षक आणि मंडळीचे वडील यांच्यासाठी आहे.

त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने पेत्रास अंत्युखियात सर्वांसमोर दोष दिल्याची हकीकत आहे. अपराध कोणता होता? यरुशलेमेहून काही लोक येताच पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून उठला. म्हणजे भावांस पंक्तीबाहेर ठेवणे हाच तो अपराध होता. तो सर्वांदेखत घडला, म्हणून दोषही सर्वांदेखत दाखविला. पेत्र सर्वांहून मोठा प्रेषित असूनही त्यास सूट मिळाली नाही.

पैशाविषयी पौलाने स्वतःला कसे बांधून घेतले, तेही पाहा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमविलेली रक्कम त्याने एकट्याच्या हाती घेतली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधु बरोबर घेतले, जेणेकरून कोणास दोष ठेवता येऊ नये. हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. जो उपदेशक अर्पण दोन साक्षीदारांसमोर मोजतो आणि हिशेब मंडळीपुढे वाचून दाखवितो, त्याच्या उपदेशात जोर असतो. जो म्हणतो, “माझ्यावर विश्वास नाही काय?” त्याने विचार करावा की पौलाने असे म्हटले नाही.

तथापि, हिशेब मागणे आणि मालकी गाजविणे यांत भेद आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्यानंतर काही धर्ममतांविषयी त्यांचा आणि त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांचा तीव्र मतभेद झाला. सिस्टरांनी त्यांस पत्रांतून दोष दिला. रमाबाईंनी मुद्देसूद उत्तरे दिली. त्या ऐकून घेत. परंतु आपली विवेकबुद्धी देवाखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यास त्यांनी नकार दिला. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने प्रसिद्ध केली आहेत. वाचणाऱ्यास दिसते की, थोरली बहीण प्रीतीने बोलत होती, परंतु त्या प्रीतीत कधी कधी हुकूमही मिसळत होता. आणि तरीही रमाबाईंनी नाते तोडिले नाही. “आजीबाई” हे जिव्हाळ्याचे संबोधन त्यांच्या पत्रांत येते. यातून दोघांसाठी धडा आहे. सांगणाऱ्याने शास्त्रातील आज्ञा आणि स्वतःचे मत यांत गल्लत करू नये. ऐकणाऱ्याने मत पटले नाही म्हणून माणूस टाकू नये.

७. एक आवश्यक इशारा

एकान्ताचा नियम अपराध दडपण्यासाठी नाही. कोणी लेकराशी वाईट वर्तन केले, स्त्रीवर बळजबरी केली, कोणास मारहाण केली, तर “मंडळीची अब्रू जाईल, आपसांत मिटवू” असे म्हणणे हे मत्तय अठराचे पालन नव्हे. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात लहानांपैकी एकास अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने काय म्हटले आहे ते वाचा. दुखावलेल्या लेकरास अपराध्याकडे एकटे पाठविणे हे तर क्रूरपण होय. लेकरावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असता न कळविणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. अशा वेळी प्रथम दुर्बळाचे रक्षण करावे, पोलिसांस कळवावे, आणि अपराध्यासाठी प्रार्थना करावी; या तिन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. क्षमा ही शिक्षेपासून पळण्याची वाट नव्हे.

८. आचरणासाठी

भावाकडे जाण्यापूर्वी त्याच्यासाठी निदान तीन दिवस नाव घेऊन प्रार्थना करा. ज्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याच्याशी उद्धटपणे बोलणे जड जाते.

पाहिलेले सांगा, ऐकलेले विचारा. “तू पितोस असे लोक म्हणतात” असे म्हणू नका. “काल रात्री तुला मी त्या स्थितीत पाहिले, आणि मला दुःख झाले,” असे म्हणा.

भावाची बाजू शेवटपर्यंत ऐका. कित्येकदा आपण ज्यास पाप समजतो, ते घरातील आजारपण वा उपासमार असते. मग त्या भेटीत उपदेशाऐवजी पायलीभर तांदूळ न्यावे लागतात. आणि तेही एकमेकांचे ओझे वाहणेच आहे.

कबूल केलेली गोष्ट घरीसुद्धा सांगू नका. ज्या अपराधांचा इशारा वर दिला आहे, तेवढे मात्र याला अपवाद.

भाऊ फिरला, तर त्याची जागा त्यास परत द्या. त्यास पुन्हा मंडळीत गाणे म्हणू द्या, वाचन करू द्या. जुनी गोष्ट प्रत्येक भांडणात काढणे म्हणजे मेलेले पुन्हा उकरणे होय.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत असे कोणते घर आहे, ज्याच्या दारावरून आपण पुढे जातो? त्यांस शेवटचे कोण भेटले, आणि केव्हा?

२. भावाचा दोष आपण प्रथम कोणास सांगतो? असे का होते?

३. प्रभुभोजन काही काळ थांबविणे आणि वाळीत टाकणे यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

४. आपल्या पाळकास वा उपदेशकास त्याची चूक कोण सांगू शकतो? कोणीच सांगू शकत नसेल, तर त्याचा तोटा कोणाचा?

५. मागील वर्षी आपणास कोणी प्रीतीने काही सांगितले काय? आपण त्याचे आभार मानिले की त्याच्याशी बोलणे सोडिले?

प्रिय जनहो, हा पाठ वर्गात वाचून वही मिटण्यासाठी नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना जे घर मनात आले असेल, त्या घरी या आठवड्यात एकट्याने जा. बैठक बोलावू नका. कोणास सांगू नका. दार उघडेल की नाही हे भावाच्या हाती आहे. जाणे मात्र आपल्या हाती आहे. जो मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून एकासाठी डोंगरात गेला, तो त्या वाटेवर आपल्यापुढे चालत असतो.